पट्टा जुना होताना

दुकानातल्या काचेखाली घड्याळाचा पट्टा जसा दिसतो, तसा तो मालकाच्या मनगटावर फार तर पंधरवडाभर राहतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, घेणाऱ्यालाही कुठेतरी ठाऊक असतं. तरी निवड होते ती काचेखालच्या पट्ट्याकडे बघूनच. मी मुंबईत फोर्टमधल्या एका दुरुस्ती केंद्रात महागड्या घड्याळांच्या केस आणि धातूचे पट्टे घासून त्यांना पुन्हा ओप देण्याचं काम करतो. माझ्या टेबलावर येतो तो पंधरवडा केव्हाच उलटून गेलेला पट्टा. कुणी दोन वर्षं वापरलेला, कुणाच्या वडिलांनी तीस वर्षं वापरून मुलाच्या हाती दिलेला. त्यामुळे ‘पॉलिशवाला घेऊ की ब्रशवाला?’ असं कुणी विचारलं, की माझ्या डोळ्यांपुढे नवा पट्टा येतच नाही.

खरं म्हणजे हा प्रश्न माझ्यापर्यंत यायचं कारण नाही. मी आत बसतो, बफच्या मोटारींच्या आणि धूळ ओढणाऱ्या पंख्याच्या आवाजात. पण सर्व्हिसला घड्याळ टाकायला आलेलं गिऱ्हाईक बोलता बोलता पुढच्या घड्याळाचा विषय काढतं आणि काउंटरवरची मुलगी हाक मारते, ‘काका, जरा बाहेर या, साहेबांना फिनिशचं विचारायचंय.’ मी हात पुसत बाहेर जातो. लाखो रुपये मोजायला निघालेल्या माणसाने ब्रँड, आकार, डायलचा रंग सगळं पक्कं केलेलं असतं, आणि तो अडलेला असतो नेमका इथे. मधल्या कड्या चकचकीत असलेला पट्टा घ्यायचा, की सगळा मॅट? इंटरनेटवर वाचून आलेलं एक उत्तर त्याच्या खिशात असतंच: पॉलिशवर ओरखडे दिसतात, ब्रशवर दिसत नाहीत. ते उत्तर अर्धंच खरं आहे, हे सांगण्यात माझा बराच वेळ जातो.

पॉलिश केलेला पृष्ठभाग इतका सपाट आणि गुळगुळीत असतो, की त्यावर पडलेला प्रकाश सरळ एका दिशेने परत फिरतो. म्हणून त्यात समोरचं दिसतं. ब्रश केलेल्या पृष्ठभागावर मुद्दाम बारीक समांतर रेघा ओढलेल्या असतात, बहुतेक पट्ट्यांवर लांबीच्या दिशेने. त्या रेघांमुळे प्रकाश आडवा पसरतो आणि मनगट वळवलं की उजेडाची एक लांबट लकेर कड्यांवरून सरकत जाते. पैठणीचा पदर हलवला की रंग सरकतो तशी. ब्रशचा पट्टा निस्तेज असतो हा समज म्हणूनच मला पटत नाही. त्याच्यातही चमक आहे, फक्त ती एका जागी थांबत नाही.

दोन्हीची पारख करायची माझी पद्धत साधी आहे. पॉलिशच्या कडीत छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचं. ती रेषा सरळ राहिली तर काम चांगलं. पाण्यात काठी दिसावी तशी वाकली तर चकाकी असूनही पृष्ठभाग उंचसखल आहे. ब्रशच्या कडीवर भिंग धरून रेघा कडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता गेल्या आहेत का, ते बघायचं. मध्येच वळलेल्या किंवा तुटलेल्या रेघा म्हणजे घासणाऱ्याचा हात थांबला. गिऱ्हाइकाला पॉलिश अवघड वाटतं आणि ब्रश सोपा. हातात काम घेणाऱ्याला विचाराल तर ब्रशमधली चूक लपवायला जागाच नसते.

माझं घर सावंतवाडीकडचं, सोनाराचं. वडील दागिन्याला शेवटचा हात फिरवायचे तो अकीकाच्या ओपणीने. ओपणीने धातू दाबला जातो, त्याचे बारीक उंचवटे खाली बसतात आणि जिलई येते. वजनात फरक पडत नाही. मुंबईत येऊन बफच्या मोटारीसमोर बसलो तेव्हा कळलं, की इथे चकाकी येते ती धातू काढून. मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेणारं कापडाचं किंवा फेल्टचं चाक, त्यावर लावलेला पॉलिशचा साबण, आणि त्याला टेकवलेली कडी. प्रत्येक वेळी थोडं स्टील कमी. हा फरक डोक्यात पक्का बसला की पॉलिश आणि ब्रश यांच्याकडे बघायची नजर बदलते.

या दोन फिनिशना एकाच पट्ट्यावर आणण्यामागे कंपन्यांचा विचार आहे. रोलेक्सने १९४५ साली डेटजस्ट घड्याळाबरोबर ज्युबिली नावाचा, एका ओळीत पाच कड्यांचा पट्टा आणला. आज मिळणाऱ्या ज्युबिलीत मधल्या तीन बारीक कड्या पॉलिश असतात आणि कडेच्या दोन ब्रश. त्याच कंपनीचा तीन कड्यांचा ऑयस्टर पट्टा सबमरिनरवर वरून पूर्ण ब्रश असतो, फक्त बाजू पॉलिश. तोच पट्टा डेटोनावर जातो तेव्हा मधली कडी पॉलिश होते. बांधणी तीच, धातू तोच, पण एक घड्याळ पाण्यात उतरायला निघाल्यासारखं वाटतं आणि दुसरं समारंभाला. गिऱ्हाईक ज्याला घड्याळाचा स्वभाव म्हणतं, तो बऱ्याचदा या मधल्या कडीवर ठरलेला असतो.

या बाबतीत सगळ्यात मोठी उडी १९७२ ची. त्या वर्षी बाझेलच्या प्रदर्शनात ओडेमार पिगेने रॉयल ओक मांडलं. आराखडा जेराल्ड जेंटा यांचा. घड्याळ स्टीलचं, आणि किंमत ३,३०० स्विस फ्रँक, म्हणजे त्या काळच्या कितीतरी सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त. स्टीलसाठी सोन्याहून जास्त पैसे मागायचे तर त्यावरची मेहनत बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरायला हवी. ती जितकी केसवर दिसते तितकीच पट्ट्यावर. जिनिव्हाच्या गे फ्रेर या कारखान्याने बनवलेला तो पट्टा क्लॅस्पकडे, म्हणजे पट्टा बंद करायच्या कडीकडे, निमुळता होत जातो. वरचे सपाट भाग ब्रश, आणि त्यांच्या कडा तिरक्या कापून पॉलिश केलेल्या. चार वर्षांनी, १९७६ साली, जेंटा यांचंच नॉटिलस पाटेक फिलिपने आणलं. तिथे बाहेरच्या कड्या ब्रश आणि मधल्या गोलसर कड्या पॉलिश.

असा पट्टा भिंगाखाली धरला की एकाशेजारी दुसरं फिनिश का हवं ते कळतं. तिरक्या कडेची रुंदी मिलिमीटरच्याही आत असते. पण शेजारचा ब्रश प्रकाश पसरवून टाकत असताना ही कड तो एका रेषेत गोळा करते. लांबून बघणाऱ्याला प्रत्येक कडीची बाह्यरेषा उजळलेली दिसते. सगळा पट्टा पॉलिश असता तर एक कडी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते चकाकीत हरवलं असतं. सगळा ब्रश असता तर धारदार कडांचा काही उपयोगच उरला नसता. म्हणून ‘मला दोन्ही नको, एकच फिनिश हवं’ असं म्हणणाऱ्याला मी आधी कडांकडे बघायला सांगतो. कडा गोल असतील तर एका फिनिशने निभावतं. कडा कोरलेल्या असतील तर तो पट्टा दोन्हींसाठीच घडवलेला असतो.

आता ओरखडे. त्यांच्याबद्दल लोकांच्या मनात राग असतो, आणि तो नेमका चुकीच्या वस्तूवर असतो. स्टीलच्या पट्ट्याला चरे पडतात ते बहुतांशी धुळीने. चांगल्या घड्याळांत साधारण ३१६एल जातीचं स्टील असतं. विकर्सच्या मापात त्याची कठीणता सुमारे १५० ते २००. धुळीतला वाळूचा कण म्हणजे क्वार्ट्झ, त्याची हजाराच्या पुढे. मुंबईत कुठलंही टेबल सकाळी पुसलं तरी संध्याकाळी त्यावर बोट फिरवून बघा. लाकूड स्टीलला काही करत नाही. लाकडावर बसलेली धूळ करते. रोलेक्सने १९८५ पासून ९०४एल जातीचं स्टील वापरायला सुरुवात केली, म्हणून ‘त्यांच्या पट्ट्याला ओरखडे पडत नाहीत’ असंही लोक सांगतात. ते स्टील क्षार आणि आम्लांपुढे जास्त टिकतं आणि त्यावर पॉलिशही सुरेख बसतं, पण धुळीपुढे त्याचं फारसं चालत नाही.

एकदा नुकतंच लग्न झालेल्या एक मॅडम घड्याळ घेऊन आल्या. पट्ट्याच्या एका बाजूला, फक्त एकाच बाजूला, केसासारखे बारीक चरे. दुकानात कुणीतरी निष्काळजीपणे हाताळलं असावं अशी त्यांची तक्रार होती. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. घड्याळाला लागून हिरवा चुडा. म्हटलं, ‘बांगड्यांनी झालंय हे.’ त्या हसल्या. ‘अहो, बांगड्या काचेच्या आहेत, घड्याळ स्टीलचं आहे!’ काच फुटते म्हणून ती मऊ, असं आपल्याला वाटतं. पण साध्या काचेची कठीणता पाचशेच्या आसपास असते, स्टीलच्या दुपटीहून जास्त. फुटणं आणि झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बाईला रोज काचेच्या बांगड्या घालायच्या आहेत तिने घड्याळ दुसऱ्या हातात बांधावं किंवा बाजू ब्रश असलेला पट्टा बघावा, एवढंच मी सांगू शकतो. बांगड्या काढा असं सांगणारा मी कोण?

ब्रशवर ओरखडे दिसत नाहीत, हे कधी खरं असतं तेही बघू. चरा रेघांच्या दिशेने गेला तर तो त्यांच्यात हरवतो. आडवा गेला तर तो प्रत्येक रेघ कापत जातो आणि पॉलिशवरच्या चऱ्यापेक्षा ठळक दिसतो. आता आपला हात कसा हलतो? खिशात हात घालताना, बॅगेत काही शोधताना, लॅपटॉपच्या कडेवरून मनगट पुढेमागे सरकवताना हालचाल होते ती हाताच्या लांबीत. पट्टा मनगटाला गुंडाळलेला, म्हणजे त्याच्या रेघा हाताला आडव्या. त्यामुळे रोजचे बरेचसे चरे ब्रशच्या रेघांना काटकोनातच पडतात. क्लॅस्पवर तर हमखास. क्लॅस्प टेबलावर टेकतो, म्हणून पट्ट्याचा सगळ्यात आधी जुना होणारा भाग तोच. त्यानंतर त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-तीन कड्या. वरच्या, डायलजवळच्या कड्या वर्षानुवर्षं बऱ्या राहतात. दुकानात लोक नेमक्या त्याच बघतात. मी क्लॅस्प उलटा करून बघायला सांगतो.

मात्र माझ्या टेबलावर इतके पट्टे आले आणि गेले, त्यातून लक्षात राहिलेली गोष्ट ओरखड्यांची नाहीच. ती अशी, की ही दोन फिनिश वापरात एकमेकांकडे सरकत जातात. पॉलिश केलेल्या कडीवर बारीक चऱ्यांचं जाळं पसरतं, प्रतिबिंब धूसर होतं, कडी मऊ, दुधट दिसायला लागते. ब्रश केलेल्या कडीवर शर्टाच्या बाहीचं आणि कातडीचं घर्षण रेघांचे उंचवटे झिजवतं, विशेषतः कडांवर, आणि तिथे चकाकी येते. नव्या पट्ट्यावर एकमेकांविरुद्ध उभे असलेले हे दोघे दहा-पंधरा वर्षांनी शेजाऱ्यांसारखे दिसू लागतात. मिश्र फिनिशच्या पट्ट्यावर हे फार स्पष्ट दिसतं. पॉलिश आणि ब्रशच्या मधली सीमारेषाच विरून जाते.

आणि मग माणूस माझ्याकडे येतो. ‘नव्यासारखं करून द्या.’

करता येतं. पट्टा केसपासून सुटा करायचा. स्क्रूच्या कड्या असतील तर त्यांतला चिकटवणारा थर आधी ऊब देऊन सैल करायचा. अल्ट्रासॉनिकच्या भांड्यात धुवायचा. तिथे पाण्यात जे उतरतं ते बघून स्वच्छ माणसंही गप्प होतात. घाम, साबण, कातडी आणि धूळ यांचा तो लगदा कड्यांच्या मध्ये बसून पिना झिजवत असतो आणि पट्टा लांबलेला वाटतो तो त्यामुळे. मग भिंगाखाली बघायचं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते चाचा एवढंच म्हणायचे, ‘पहले देख, फिर घिस.’ कुठला चरा वरवरचा, कुठला खोल, मूळ कड किती उरली आहे, आधी कुणी घासलं आहे का. खूप खोल खड्डा असेल तर हल्ली लेझरने त्यात धातू भरून मग सपाट करतात, म्हणजे आजूबाजूचा पृष्ठभाग तितका खाली आणावा लागत नाही. मधल्या कड्या पॉलिश असतील तर आधी त्यांना पॉलिश करायचं, त्यांवर उष्णता सोसणारी टेप कापून चिकटवायची, आणि मग कडेच्या कड्या ब्रशच्या चाकावर किंवा घासकागदाच्या पट्टीवर एका दमात लांबीने ओढायच्या. टेप अर्ध्या मिलिमीटरने हलली तरी सगळं पहिल्यापासून.

कापडाचा बफ मऊ असतो. तो कडीच्या सपाट भागाबरोबर कडेवरूनही फिरतो आणि तिला गोल करतो. म्हणून सपाट भागासाठी लॅपिंगची कठीण चकती वापरतात, ती कडेशी थांबते. जपानमध्ये ग्रँड सीकोची घड्याळं ज्या झारात्सु पद्धतीसाठी ओळखली जातात, तिचं मर्म हेच आहे. फिरत्या चकतीच्या सपाट तोंडावर केस धरून आधी पृष्ठभाग निर्दोष सपाट करायचा, चकाकी नंतर. १९६७ च्या ४४जीएस या त्यांच्या घड्याळापासून त्या कंपनीने सपाट आरसे आणि धारदार कडा यांची भाषा ठरवून टाकली. असं काम पुन्हा उभं करायचं तर तसं यंत्र आणि तसा हात दोन्ही हवेत. बाजारातल्या नुसत्या बफच्या मोटारीवर ते फक्त बिघडतं. टायटॅनियमची तऱ्हा आणखी वेगळी. साधा ग्रेड २ टायटॅनियम पॉलिशला फारशी साथ देत नाही, म्हणून तो बहुधा ब्रश किंवा धुरकट फिनिशमध्येच दिसतो. ग्रेड ५ वर आरसा येऊ शकतो. त्याची बारीक धूळ पेट घेऊ शकते, त्यामुळे ती स्टीलच्या धुळीत मिसळू न देता वेगळी ओढून घ्यावी लागते.

किती धातू जातो हे स्टीलमध्ये कुणी मोजत नाही. सोन्याच्या पट्ट्यावर मात्र ते विसरता येत नाही. १८ कॅरेटचा पट्टा म्हणजे ७५ टक्के सोनं. तो घासताना यंत्राच्या पिशवीत जमणारी धूळ आम्ही वेगळी ठेवतो आणि ती सोनं परत काढून देणाऱ्याकडे जाते. आमच्या गावाकडे हेच काम झारेकरी करायचे, सोनाराच्या दुकानातली राख-माती चाळून. त्या धुळीला भाव आहे, याचा अर्थ गिऱ्हाइकाच्या पट्ट्यातून काहीतरी खरोखर निघून गेलं आहे. स्टीलच्या पट्ट्यातूनही जातंच, फक्त त्याचे पैसे कुणी देत नाही म्हणून ते दिसत नाही. एखादा पट्टा मोजक्या वेळा घासून घेता येतो. त्यानंतर कडा गोल होतात, कड्यांमधल्या फटी रुंद दिसू लागतात, पट्टा चकाकतो पण त्याचा मूळ आकार गेलेला असतो. जुन्या घड्याळांच्या लिलावात कधीही पॉलिश न केलेल्या केसला आणि पट्ट्याला संग्राहक जास्त पैसे मोजतात ते याच कारणाने. त्यांना चरे आवडतात असं नाही. चऱ्यांखाली कारखान्याने दिलेली कड शाबूत आहे, याची त्यांना खात्री असते.

फिनिश बदलून मागणारेही येतात. एका तरुण डॉक्टरला मधल्या पॉलिश कड्यांचा कंटाळा आला होता. ऑपरेशनच्या आधी घड्याळ काढून ठेवायचं, नंतर घालायचं, दर वेळी नवा चरा. ‘सगळ्या ब्रश करून टाका.’ पॉलिशवर रेघा ओढणं सोपं, धातूही नावापुरताच जातो. त्याला मी एवढंच बजावलं, की विकायची वेळ आली तर घेणारा मूळ फिनिश नाही म्हणून भाव पाडेल. तो म्हणाला, विकायचं नाही. कड्या ब्रश झाल्या, तो खूश होऊन गेला.

उलटं काम घेऊन आले होते ते एक गृहस्थ, मुलाच्या लग्नाआधी. घड्याळ होणारा जावई म्हणून सुनेकडच्यांनी मुलाला दिलेलं, वरून पूर्ण ब्रश. ‘मंडपात दिसायला हवं. सगळं चकाकतं करा.’ ब्रशला पॉलिश करायचं म्हणजे प्रत्येक रेघेच्या तळापर्यंत धातू उतरवायचा. नव्या कोऱ्या पट्ट्याची जाडी पहिल्याच वर्षी कमी करायची. मी त्यांना भिंगातून कडा दाखवल्या आणि त्या कशा जातील तेही सांगितलं. ते थोडे नाराज झाले. आपल्याकडे चकाकी म्हणजे नवेपणा, आणि नवेपणा म्हणजे मान, हे मला समजतं. सोनाराच्या घरात वाढलोय. शेवटी फक्त क्लॅस्पचं तोंड आणि बाजूंच्या आधीपासून पॉलिश असलेल्या पट्ट्या उजळून दिल्या. लग्नात घड्याळ बरं दिसलं, असा निरोप काउंटरवरून आला.

या दोन कामांतून एक व्यवहार निघतो, जो मी अडलेल्या गिऱ्हाइकाला सांगतो. पॉलिशवरून ब्रशवर जाणं स्वस्त आहे, ब्रशवरून पॉलिशवर जाणं महाग आहे, आणि ती किंमत पैशांत नाही, धातूत द्यावी लागते. म्हणून ज्याला चकाकी मनापासून हवी आहे त्याने ती पहिल्या दिवशीच घ्यावी. नंतर करून घेऊ या भरवशावर ब्रश घेऊ नये.

बाकी सांगण्यासारखं थोडं आहे. पट्टा कोमट पाण्यात, साध्या साबणाने, मऊ ब्रशने धुवा. घड्याळ पाण्याला चालणारं असेल आणि चावी घट्ट बंद असेल तरच. मुंबईच्या घामात आणि पावसाळ्यात एवढं केलं तरी पिना कितीतरी वर्षं जास्त टिकतात. घरात चांदी उजळायचं कापड असेल तर ते पॉलिशच्या कडीवर हलक्या हाताने फिरवलं तर चालेल, पण ब्रशच्या कडीला लावू नका. तिथे एक चकचकीत डाग पडतो आणि तो काढायला सगळी ओळ पुन्हा ओढावी लागते. सर्व्हिसला घड्याळ देताना पॉलिश नको असेल तर तसं कागदावर लिहून द्या. कारण बऱ्याच ठिकाणी केस उजळून देणं ही सर्व्हिसचाच भाग समजून केलेली कृपा असते.

आणि निवडण्याआधी वापरलेलं घड्याळ बघा. त्याच मॉडेलचं, पाच-सहा वर्षं मनगटावर राहिलेलं. जुनी घड्याळं विकणाऱ्या दुकानांत ते मिळतं, ओळखीत कुणाकडे असतं. दिवसाच्या उजेडात धरा, क्लॅस्प उलटा करा, कडा बघा. धूसर झालेला आरसा तुम्हाला देखणा वाटतो, की चकाकू लागलेल्या ब्रशच्या कडा? घड्याळ घेणारे बहुतेक जण पहिल्या वर्षाचा पट्टा निवडतात आणि उरलेली सगळी वर्षं त्याला परत पहिल्या वर्षात नेण्याच्या मागे लागतात. तो प्रवास दर फेरीला थोडं घड्याळ खातो. माझा धंदा त्यावरच चालतो, तरीही मी हे काउंटरवर उभं राहून सांगतो. पॉलिश घ्यायचं तर त्याच्या चऱ्यांसकट आवडायला हवं, आणि ब्रश घ्यायचा तर झिजून उजळलेल्या त्याच्या कडांसकट. यातलं जे ज्याला बघवतं, ते त्याचं फिनिश. दोन्ही बघवत नसेल तर चामड्याचा पट्टा घ्यावा. तो झिजला की बदलता येतो.